गळ्यातलं 'जे' आणि आत्याचं मंगळसूत्र

परवा रविवारी पंचवटीत आत्याकडे गेले होते, दोन कुर्त्यांचं कापड द्यायचं होतं शिवायला, आणि तिच्या हातातलं ब्लाऊज होईपर्यंत मी मोबाईल टीव्हीला जोडून हार्ली क्विनचा पिक्चर लावला. बर्ड्स ऑफ प्रे, २०२० चा. मी तो आधी तीनदा बघितलाय. पण आत्याबरोबर बघताना त्यात जे दिसलं ते मला एकटीला कधीच दिसलं नव्हतं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून लिहायला बसले. लांब होईल, आधीच सांगते.

ज्यांना हार्ली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बॅटमनच्या गोष्टीतला जो जोकर, त्याची ही प्रेयसी. ही मूळची कॉमिकमधली नाहीच, टीव्हीवरच्या बॅटमनच्या कार्टूनमधली आहे, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी सप्टेंबर १९९२ च्या एका एपिसोडमधे जोकरच्या टोळीतली एक बाई म्हणून तिला आणली आणि ती लोकांना इतकी आवडली की राहिलीच. मग १९९४ मधे याच दोघांनी मॅड लव्ह नावाचं कॉमिक काढलं आणि त्यात तिचा भूतकाळ सांगितला. ती डॉक्टर होती, मानसोपचारतज्ज्ञ. अर्कम नावाच्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात तो पेशंट आणि ही त्याची डॉक्टर. तो तिला बाप कसा मारायचा, लहानपण कसं गेलं ते सांगतो, हिला दया येते, आणि दया कधी प्रेम झाली ते तिचं तिलाच कळत नाही. पुढे बॅटमन तिला सांगतो की अगं हीच गोष्ट त्याने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी करून सांगितलीये. ती ऐकून घेते, पण विश्वास त्याच्यावरच ठेवते.

त्या कॉमिकचा शेवट मला अजून वाचवत नाही. जोकर तिला खिडकीतून खाली फेकतो, अक्षरशः फेकतो, आणि ती खाली पडलेली असताना स्वतःलाच दोष देते. मग प्लास्टर घालून अर्कममधे पडलेली असते, ठरवते की आता बास, याच्याशी संबंध संपला. आणि तेवढ्यात तिला बाजूला एक फूल दिसतं, लवकर बरी हो अशी चिठ्ठी, खाली 'जे'. आणि ती हसते. संपलं कॉमिक. खिडकीतून पडून जेवढं कळलं होतं ते सगळं एका फुलाने पुसून टाकलं.

माझ्या बाबतीत फूल नव्हतं, मिसळ होती. म्हणजे भांडण झालं, माझ्या तेव्हाच्या बॉयफ्रेंडने काहीतरी भयंकर बोललं किंवा केलं, की पुढच्या रविवारी सकाळी आठला तो खाली गाडी घेऊन उभा, चल, गंगापूर धरणाच्या बाजूला मिसळ खायला. नाशिककरांना रविवारची मिसळ म्हणजे काय ते मी सांगायला नको. तर्री, पापड, शेवटी जिलबी, द्राक्षाच्या मळ्यातली थंड हवा, आणि तो इतका छान वागायचा त्या दोन तासांत की आधीचा आख्खा आठवडा मला माझाच गैरसमज वाटायचा.

मॅड लव्ह मी खूप उशिरा वाचलं. माझी हार्लीशी ओळख झाली २०१६ च्या सुसाइड स्क्वाडमुळे. डेव्हिड आयरचा पिक्चर, मार्गो रॉबी हार्ली, जॅरेड लेटो जोकर. सिटी सेंटर मॉलला बघितला होता, मी चोवीस वर्षांची, शेजारी तो बसलेला. त्यात एक सीन आहे, जोकर तिला टेबलाला बांधून डोक्याला विजेचा शॉक देतो, आणि देण्याआधी म्हणतो की मी तुला मारून टाकणार नाहीये, फक्त खूप खूप दुखवणार आहे. आणि ती म्हणते, मी सहन करू शकते. आता विचार करते तर हे वाक्य मी इंग्रजी पिक्चरमधे ऐकायच्या आधी शंभर वेळा मराठीत ऐकलेलं होतं, लग्नात, बारशात, शेजारच्या काकूंकडे, सोसायचं असतं बाई थोडं, पुरुषाचा राग तेवढ्यापुरता असतो. फक्त कोणी ते इतकं सुंदर लायटिंग लावून सांगितलं नव्हतं.

आणि मग तो केमिकलच्या पिंपाचा सीन. तो विचारतो माझ्यासाठी जगशील का, ती हो म्हणते आणि खाली उडी मारते, तो आधी निघून जायला वळतो, मग परत येतो, स्वतः उडी मारतो, आणि दोघांच्या कपड्यांचा लाल-निळा रंग त्या पाण्यात पसरत जातो आणि ते किस करतात. तो फोटो वर्षभर माझा डीपी होता. तो आधी निघून जायला वळतो हे मला त्यावेळी दिसलंच नाही, कॅमेऱ्याने दाखवलेलं असूनसुद्धा दिसलं नाही, कारण पुढचा रंग इतका सुंदर होता.

त्या पिक्चरमधे हार्लीच्या जॅकेटच्या पाठीवर लिहिलेलं असतं, प्रॉपर्टी ऑफ जोकर. जोकरची मालमत्ता. तसंच जॅकेट त्याने मला वाढदिवसाला ऑनलाइन मागवून दिलं आणि मी ते घालून कॉलेज रोडला फिरायचे आणि मला अभिमान वाटायचा. का वाटायचा ते मी मनापासून सांगते, कारण नुसतं 'आजकालच्या मुलींना कळत नाही' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मला वाटायचं की इतक्या जोरात आपल्यावर कोणीतरी हक्क सांगतंय म्हणजे आपण तितक्या मोलाच्या आहोत. ज्या मुलीला लहानपणापासून घरात कोणी 'तुला काय हवंय' असं विचारलेलं नसतं तिला 'तू माझी' हे ऐकून पाय जमिनीवर राहत नाहीत. हे कळत नसल्यामुळे होत नाही, भूक असल्यामुळे होतं.

पुढचं पटकन सांगते, कारण त्यात नवीन काही नाही, वाचणाऱ्या निम्म्या जणींना पाठ असेल. फोनचा पासवर्ड त्याच्याकडे. लोकेशन कायम चालू. चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मला आलं होतं, पगार दीडपट, ते नाकारलं. एकदा माझा फोन भिंतीवर आपटला. नोव्हेंबर २०१९ मधे सोडला मी त्याला.

पण सोडला हे पाच महिने कोणाला सांगितलं नाही. घरी नाही, कंपनीत नाही. डीपी तसाच ठेवला. अंबडला कंपनीच्या बसमधे एक माणूस होता जो आधी रोज माझ्या बाजूच्या सीटवर बसायला बघायचा, आणि 'हिचं जमलंय' असं कळल्यावर बंद झाला होता, त्याला कळायला नको होतं. सोसायटीत कळायला नको होतं. माझ्या मनात याची इतकी लाज होती की विचारू नका, मला वाटायचं मी भित्री आहे, नीट सोडताही आलं नाही मला, माणूस गेला तरी त्याचं नाव धरून बसलेय.

आणि आता त्या पिक्चरवर येते. बर्ड्स ऑफ प्रे फेब्रुवारी २०२० मधे आला, दिग्दर्शक कॅथी यान, लिहिलाय क्रिस्टिना हॉडसनने, आणि मार्गो रॉबी स्वतः निर्मात्यांमधे आहे. सुरुवातीलाच कळतं की जोकरने हार्लीला घराबाहेर काढलंय. ती रडते, केस कापते, एक तरस पाळते. पण ती कोणाला सांगत नाही! सगळ्या गॉथम शहराला वाटत राहतं की ही अजून जोकरचीच आहे, आणि ती तसं वाटू देते, कारण तोपर्यंत तिच्या केसालाही कोणी हात लावत नाही, ती क्लबमधे जाऊन एकाचे पाय मोडते तरी तिला कोणी काही बोलत नाही. मग तिच्या कानावर येतं की लोक म्हणतायत, ही काही एकटी राहणाऱ्यातली नाही, जाईल परत त्याच्याकडे. तिथून उठते, ट्रक पळवते आणि जिथे ते दोघं एकमेकांचे झाले होते तोच केमिकलचा कारखाना उडवून देते. तिच्या गळ्यातलं 'जे'चं पदक पोलीसवालीला तिथे सापडतं. आणि दुसऱ्या दिवसापासून आख्खं शहर तिच्या मागे लागतं. ज्याला ज्याला तिच्यावर राग होता तो प्रत्येक जण.

मी तीनदा बघितला तेव्हा मला कारखान्याचा स्फोटच लक्षात राहिला होता. आत्याने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे इतके दिवस त्याच्या नावावर चालली होती हिची गाडी."

मी म्हटलं हो.

"मग बरोबर आहे. मी पण सहा वर्षं घातलं होतं."

मला कळेना काय घातलं होतं. तर मंगळसूत्र.

आत्याची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होती, आमच्या घरी ती आख्खी कोणी सांगत नाही. ती साल सांगत नाही, सिंहस्थावरून सांगते. एक्याण्णवचा सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती सिन्नरच्या सासरहून दोन पिशव्या घेऊन निघून आली. म्हणजे १९९२. नवरा मारायचा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, तो लागू झाला ऑक्टोबर २००६ मधे, म्हणजे घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश असलं काही तेव्हा नव्हतंच, पोलिसात जायचं म्हणजे थेट ४९८ अ, नवऱ्यावर छळाची फौजदारी केस, आणि ते तिला कोणी सांगितलंही नाही. पंचवटीत खोली बघायला गेली की पहिला प्रश्न, मालक कुठे असतात? आपल्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात हे मी आयुष्यभर ऐकत आलेय पण परवा ते ऐकलं आणि मला ते जॅकेट आठवलं. पाठीवर इंग्रजीत छापलं म्हणून मला स्टायलिश वाटलं, अर्थ तोच.

तर ती सांगायची, मालक मुंबईला कामाला असतात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. आणि दोन वाट्यांचं मंगळसूत्र गळ्यात, पदराच्या वर काढून, दिसेल असं. "नवऱ्यासाठी नव्हतं गं ते, घरमालकासाठी होतं. आणि रात्री बसस्टँडवरून येताना रस्त्यासाठी." ज्या माणसाने तिचा हात मोडला होता त्याच माणसाची खूण ती बाकीच्या माणसांपासून वाचायला वापरत होती, सहा वर्षं.

मला माझे ते पाच महिने आठवले आणि पहिल्यांदा लाज वाटली नाही. मला इतकंच म्हणायचंय खरं तर या आख्ख्या लेखात. टॉक्सिक प्रेम म्हणजे एक वाईट माणूस आणि एक वेडी मुलगी, एवढंच नसतं ते. त्या दोघांच्या बाहेर एक शहर असतं जे बाईला कोणाच्या तरी नावाखालीच सुरक्षित ठेवतं, मग तो नाववाला कसा का असेना. म्हणून बाई लवकर सोडत नाही, आणि सोडलं तरी सांगत नाही. आणि हे मला एका रंगीबेरंगी मारामारीच्या पिक्चरने इतकं नीट दाखवलंय की तो चालला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. सुसाइड स्क्वाडने जगभरात जवळपास ७५ कोटी डॉलर कमावले आणि याने २० कोटींच्या आसपास. पुढच्याच महिन्यात थेटरं बंद झाली हेही आहे म्हणा, पण ते एकच कारण नाही. रंगात बुडून किस करणारी हार्ली बघायला लोक आले, एकटी हार्ली बघायला आले नाहीत.

त्यातला खलनायक पण बघा, रोमन सायोनिस, इवान मॅकग्रेगरने केलाय. क्लबमधे एक बाई लांब कुठेतरी हसते आणि याला वाटतं मलाच हसली, तर तिला टेबलावर चढवून नाचायला लावतो, तिचा ड्रेस फाडायला लावतो. मी असले सीन शेकड्याने बघितलेत, आपल्या पिक्चरमधे तर कॅमेरा अशा वेळी फाटलेल्या ड्रेसवर जातो. इथे तो तिच्या चेहऱ्यावर आणि क्लबात गाणाऱ्या डायनाच्या चेहऱ्यावर राहतो, आणि डायनाच्या डोळ्यांतून पाणी येतं. आत्या त्या सीनला उठून आत गेली. पाणी प्यायला म्हणाली.

अजून एक. हा पिक्चर हार्ली स्वतः सांगते, आणि उलटसुलट सांगते, मधेच थांबते, अरे हे आधी सांगायला पाहिजे होतं म्हणून मागे जाते. बऱ्याच जणांना ते खटकलं. मला नाही, कारण आत्या अशीच सांगते. ज्या गोष्टी तीस वर्षं कोणी विचारल्या नाहीत त्या ओळीने लावून ठेवलेल्या नसतात. आणि आत्या राहते ते ठिकाण बघा ना, सीतागुंफेपासून चालत पाच मिनिटं. आमच्या गावाचं नावच एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आम्हाला शाळेत सांगितलं. शूर्पणखा सीतेवर धावून गेली हे गोष्टीत आहे, मी ते पुसत नाही. पण ती त्या झाडीत का आली होती, काय मागायला आली होती, हे तिच्या तोंडून ऐकावंसं मला लहानपणी फार वाटायचं. वाईट बाईला स्वतःची गोष्ट स्वतः सांगू देणारे पिक्चर मला आवडतात त्याचं मूळ बहुतेक तिथे आहे.

आत्याला मी कॅटवुमनपण दाखवली होती मागे, बॅटमन रिटर्न्स, तोही १९९२ चाच, टिम बर्टनचा. सेलिना काइल, सेक्रेटरी, बॉस तिला उंच खिडकीतून ढकलून देतो. (खिडक्या फार आहेत या गोष्टींमधे.) ती वाचते, घरी येते, सगळं फोडते, भिंतींवर काळा स्प्रे मारते आणि मग जुना काळा रेनकोट काढून मशीनवर बसते आणि स्वतःचा पोशाख शिवते. आत्या त्या सीनला खुर्चीत पुढे सरकून बसली होती. नंतर म्हणाली की मी पण आल्यावर पहिल्या रात्री शिवतच बसले होते, शेजारणीचं मशीन होतं, काय शिवलं आठवत नाही. शेवटी बॅटमन सेलिनाला म्हणतो चल माझ्या घरी, आणि तिला तो आवडतो, खरंच आवडतो, आणि तरी ती म्हणते की तुझ्या राजवाड्यात मी राहीन, पण मग माझं माझ्याशी पटणार नाही. तीस वर्षांहून जुना पिक्चर आहे. चांगल्या माणसालाही नाही म्हणता येतं हे त्यात आहे, आणि माझ्या मते ते वाईट माणसाला नाही म्हणण्याहून अवघड आहे.

हार्लीचे पुढचे दोन पिक्चर आहेत त्याबद्दल थोडं. २०२१ च्या जेम्स गनच्या द सुसाइड स्क्वाडमधे एका देशाचा देखणा राष्ट्राध्यक्ष तिला लग्नाची मागणी घालतो आणि बोलता बोलता विरोधकांची पोरंही सोडणार नाही असं म्हणून जातो, तर ती तिथेच त्याला गोळी घालते आणि सांगते की मी स्वतःला वचन दिलं होतं, पुढच्या वेळी धोक्याच्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही. गोळीचं सोडा, पण पहिल्याच खुणेला ओळखणं, हे मला फार पटलं. २०२४ चा जोकरचा दुसरा भाग, लेडी गागावाला, मला नाही आवडला. तिथे ली, म्हणजे त्यातली हार्ली, जोकरच्या मुखवट्यावर प्रेम करते आणि त्याने कोर्टात मुखवटा टाकला की निघून जाते. म्हणजे या वेळी फसवणारी ती, जाणारी ती. पण तिला स्वतःचं काही दिलंच नाहीये, ना काम, ना मैत्रीण, त्याच्याशिवाय ती दिवसभर काय करते हे पिक्चरला ठाऊकच नाही. सोडून जाता आलं म्हणजे स्वतंत्र झाली असं मला नाही वाटत. आत्याने २०१६ चा पिक्चर बघताना एकच प्रश्न विचारला होता, "ही डॉक्टर होती ना? मग त्या डिग्रीचं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. एवढे पिक्चर झाले, तिची प्रॅक्टिस तिला कोणीच परत केली नाही.

बर्ड्स ऑफ प्रेमधे निदान काहीतरी होतं. शेवटची मारामारी चालू असताना डायनाचे केस तोंडावर येत असतात आणि हार्ली लढता लढता तिला विचारते रबरबँड हवाय का, आणि देते. एवढंच. आत्या म्हणाली हे बाईनेच लिहिलं असणार. मी म्हटलं हो, बाईनेच लिहिलंय. आणि जॅकेटवर आता मालमत्ता-बिलमत्ता काही नाही, टीशर्टवर तिचं स्वतःचं नाव आहे.

अगदी शेवटी ती आणि कसांड्रा नावाची पोरगी तो हिरा, ज्याच्यासाठी सगळं रामायण झालं, तो दुकानात नेऊन विकतात आणि स्वतःचा धंदा सुरू करतात. तेव्हा आत्याने मला तिच्या मंगळसूत्राचं पुढचं सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली तिने ते सराफ बाजारात नेऊन मोडलं. भावाला म्हणजे माझ्या वडिलांनाही विचारलं नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं, घरी सांगितलंय ना? ती म्हणाली, घरातली मीच आहे. त्या पैशांत थोडे घालून तिने पिकोचं मशीन घेतलं, आणि परत येताना गळा मोकळा होता म्हणून पूर्ण रस्ता पदर नीट करत आली. त्या महिन्यात घरमालकाने खोली सोडायला सांगितली. तिने दुसरी बघितली. तिसरी पण बघायला लागली. चौथी आता तिच्या नावावर आहे, तीच, जिथे आम्ही बसलो होतो.

पिक्चर संपला तेव्हा ती टेप घेऊन उभी होती.

"हिरा मोडला ना तिने? बरं केलं. उभी राहा सरळ. खिसा कुठल्या बाजूला हवाय?"

मी म्हटलं दोन्ही बाजूला.

"खोल करू?"

"खोल कर."